वाळू संपायच्या आत

एक मिनिटाची वाळूची घटिका आणि शेजारी मण्यांच्या दोन ओळी. एक ओळ दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी, दुसरी त्याहून मोठ्यासाठी. बाळाच्या पोटाची हालचाल बघत दाईने श्वास मोजायचे आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर बाळाला न्यूमोनिया आहे, औषध लगेच सुरू. गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेने हा श्वासमापक तयार केला तो अक्षर न ओळखणाऱ्या बायांसाठी. साठापर्यंत मोजताना त्यांची गफलत व्हायची. मण्यांनी ती थांबली.

धोरणावरचा लेख या मण्यांपासून सुरू करतोय, कारण आमच्या भागातली दानधर्म करणारी मंडळी आणि सरकारचं धोरण यांच्यामधलं अंतर मला इथेच मिटलेलं दिसतं.

काही वर्षांपूर्वी एका धर्मादाय संस्थेच्या बैठकीला बसलो होतो. संस्था पावसाळ्यात तापाच्या रोग्यांना फुकट औषध वाटते. काम चोख आहे. मी सुचवलं की ज्या गावांतून सगळ्यात जास्त रोगी येतात, तिथल्या उपकेंद्रात नर्सची जागा रिकामी आहे, आपल्या रजिस्टरातले आकडे जोडून जिल्हा परिषदेला निवेदन देऊ. अध्यक्ष वयाने वडीलधारे. हात जोडून म्हणाले, “भाऊ, आपण औषध देऊ. वर बोलणं आपलं काम नव्हे.” विषय तिथेच मिटला. पुढच्या पावसाळ्यात औषधाची खोकी वाढली, जागा रिकामीच होती.

मोठ्या संस्थांच्या भाषेत याला ‘ॲडव्होकसी’ म्हणतात. गावात ‘वर बोलणं’ म्हणतात, आणि मला तोच शब्द नेमका वाटतो. वर कोणी बोलायचं, कशाच्या जोरावर बोलायचं आणि बोलून झाल्यावर काय करायचं, हे तिन्ही प्रश्न त्यात येतात.

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूरला तरी हे बोलणं नवं नाही. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. ‘छोडो भारत’ आंदोलनात गाव पेटलं, आणि पाठोपाठ आलेल्या शिपायांनी इथल्या स्त्रियांवर जे अत्याचार केले त्यांची बातमीसुद्धा बाहेर जाऊ नये अशी सरकारची तजवीज होती. नागपूरहून आलेल्या बायांनी घरोघर जाऊन हकिकती ऐकल्या. सेवाग्रामचे प्रा. भणसाळी दिल्लीत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातले बापूजी अणे यांच्या घरी जाऊन बसले. मागणी एवढीच की चौकशी करा. त्यासाठी त्यांनी धरलेलं उपोषण ६३ दिवस चाललं आणि १२ जानेवारी १९४३ला सुटलं. चिमूरबद्दल छापू देत नाहीत म्हणून त्याआधी ६ जानेवारीला देशातल्या अनेक वृत्तपत्रांनी अंकच काढला नाही. महिला परिषदेतल्या अनसूयाबाई काळे यांनी चिमूर-आष्टीच्या फाशीच्या कैद्यांसाठी जिवाचं रान केलं. १९४५मध्ये त्या फाश्या रद्द झाल्या. यातलं कोणीही हे मतांसाठी केलं नव्हतं. सेवा करणाऱ्या माणसांना गप्प बसणं अशक्य झालं, म्हणून ती बोलली.

पण आक्रोशाने चौकशी मिळवता येते, फाशी थांबवता येते. रोजच्या कारभारातलं धोरण तेवढ्याने हलत नाही. त्याला आकडा लागतो, आणि तो आकडा गावातूनच यावा लागतो.

‘सर्च’चे डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत काम सुरू केलं, त्यानंतर १९८८ साली त्यांच्या गावांमध्ये हजार जन्मांमागे १२१ बाळं वर्ष पुरं व्हायच्या आत जात होती. १९९३पासून ३९ गावांमध्ये प्रयोग झाला. गावातलीच एक बाई निवडायची, तिला शिकवायचं. तिच्या पिशवीत थर्मामीटर, वजनकाटा, बाळ गुंडाळायची उबदार पिशवी, श्वास द्यायचं साधन, जंतुदोषावरचं इंजेक्शन. नवजात बाळावर दवाखान्यातच उपचार व्हावेत हा त्या काळचा नियम, आणि दवाखाना जंगलापलीकडे. या आरोग्यदूतांनी घरात बाळं वाचवली. शेजारच्या तुलनेच्या गावांशी ताडून पाहिलं तर नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. १९९९ला हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं.

तरी सरकार हललं नव्हतं. मग राज्यातल्या तेरा संस्था एकत्र आल्या आणि आपापल्या भागात दोन वर्षं बालमृत्यू मोजले. त्यांचा अहवाल ‘कोवळी पानगळ’. सरकारी दप्तरात बालमृत्यूंचा लहानसा हिस्साच चढतो, हे त्यातून उघडं झालं. या अहवालाचं मोल मला लॅन्सेटच्या लेखापेक्षाही जास्त वाटतं. एका संस्थेचा आकडा ‘त्यांच्या भागातला’ म्हणून बाजूला ठेवता येतो. मेळघाटापासून गडचिरोलीपर्यंतच्या संस्था एकच गोष्ट बोलू लागल्या की ते जमत नाही. विधिमंडळात गदारोळ झाला, शासनाने डॉ. बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. २०११ला केंद्र सरकारने घरपोच नवजात बालसेवा देशभर लागू केली. आज कोणत्याही गावातली आशाताई बाळंतपण घरी झालं तर पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या दिवशी आणि पुढे बेचाळिसाव्या दिवसापर्यंत बाळ बघायला जाते, त्या फेऱ्यांचं मूळ या ३९ गावांत आहे. संस्था कितीही मोठी झाली असती तरी देशातल्या प्रत्येक घरी पोचली नसती. धोरण पोचलं.

आता कोणी बोलायचं हा प्रश्न. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) मला यात सगळ्यांच्या पुढे दिसतं. ‘वृक्षमित्र’चे मोहन हिराबाई हिरालाल तिथे वर्षानुवर्षं राबले, पण गावाच्या वतीने बोलायला पुढे झाले नाहीत. गावचे देवाजी तोफा बोलले, ग्रामसभा बोलली. बाहेरच्या माणसाने अभ्यास गटात बसायचं, कायदा समजावून सांगायचा. निर्णय गाव घेणार, तोही सर्वसहमतीने. २००९च्या ऑगस्टमध्ये मेंढा आणि शेजारच्या मर्दा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, देशात पहिल्यांदा. मेंढ्याचं जंगल सुमारे १८०० हेक्टर. तरी बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याकडे, आणि खातं बांबूला झाड म्हणत अडून बसलेलं. २००६च्या वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपज म्हणून लिहिलेला होता, आणि गावाने तो कायदा वाचलेला होता. २७ एप्रिल २०११ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. पुस्तक संस्थेच्या हाती गेलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

बोलून झाल्यावर काय करायचं, या प्रश्नावर दारूबंदीची गोष्ट मात्र मला अजून टोचते. २०१०च्या डिसेंबरात चिमूरहून हजारो बाया नागपूरच्या अधिवेशनावर पायी निघाल्या. ‘श्रमिक एल्गार’ आणि ॲड. पारोमिता गोस्वामी पुढे होत्या. शंभरेक किलोमीटरची वाट, थंडीचे दिवस, डोक्यावर शिदोरी. “दुकानं बंद करून द्या ना जी, बाकी आमी पाहून घेतो,” हे या भागातल्या बायांचं साधं म्हणणं. त्यानंतर पालकमंत्री संजय देवतळे यांची समिती बसली. पाचशेहून अधिक ग्रामपंचायतींनी ठराव दिले. १ एप्रिल २०१५ला चंद्रपूर जिल्ह्यात बंदी लागू झाली.

२७ मे २०२१ला मंत्रिमंडळाने ती उठवली. अवैध दारू वाढली, गुन्हे वाढले, असा युक्तिवाद रमानाथ झा समितीच्या अहवालाच्या आधारे झाला. चोरटी दारू येत होती हे खरं, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं. पण मला विचाराल तर खरी चूक बंदी मिळाल्यानंतरच्या सहा वर्षांत झाली. बाळाचे श्वास जसे मोजले तसं कोणत्या गावात दारू थांबली, कुठे पुन्हा सुरू झाली, घरात किती पैसा उरला, हे गावोगाव मोजायची यंत्रणा उभी राहिली नाही. शेजारच्या गडचिरोलीत १९९३पासून बंदी आहे. तिथे २०१६ला शासन, सर्च आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून ‘मुक्तिपथ’ सुरू केलं, गावांची संघटना बांधली. तिथल्या बंदीच्या फेरविचाराची चर्चा निघाली तेव्हा शेकडो गावांचे ठराव तयार होते. चंद्रपूरच्या बायांचा आवाज कमी नव्हता. त्यांच्या हाती आम्ही आकडे दिले नाहीत, आणि ‘आम्ही’मध्ये मी स्वतःला, या जिल्ह्यातल्या शिकल्यासवरल्या सगळ्यांना धरतो.

संस्थांना बोलण्याची भीती का वाटते हेही समजून घेतलं पाहिजे. परदेशी निधीच्या कायद्यातल्या २०२०च्या दुरुस्तीनंतर असा निधी घेणारी संस्था तो दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २०वर आली. तेरा संस्थांनी मिळून मोजणी करायची तर मोठीने लहानीला हात द्यावा लागतो. या पैशापुरता तो हातच कापला गेला. कंपन्यांचा दोन टक्क्यांचा सामाजिक निधी कोळसा-सिमेंटच्या आमच्या जिल्ह्यात भरपूर येतो. त्यातून शाळेच्या भिंती रंगतात, पाण्याच्या टाक्या बसतात, फलक लागतो. खाणीच्या धुळीवर बोलणारी संस्था त्या पैशावर उभी राहणं अवघड. पण ज्या अध्यक्षांनी माझ्यापुढे हात जोडले त्यांना कायद्याने कोणी अडवलेलं नव्हतं. परदेशी निधीच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२०ला म्हटलं की राजकीय उद्देश नसलेल्या संस्थेने लोकांच्या हक्कासाठी मोर्चा-बंदचा मार्ग घेतला, एवढ्यावरून तिला राजकीय ठरवून निधी तोडता येणार नाही. रजिस्टरातले आकडे जिल्हा परिषदेला देणं तर त्याहून कितीतरी साधं.

दिवाळीच्या सुमारास तुमच्याकडे कोणी ना कोणी पावतीपुस्तक घेऊन येईल. देणगी जरूर द्या. देताना एवढं विचारा की तुमच्या संस्थेत गावातली मोजणी कोण करतं, आणि तो कागद ग्रामसभेत वाचला जातो का. करणारी बाई असेल तर तिच्या मानधनासाठी म्हणून पावती फाडा. रुग्णवाहिकेवर नाव घालायला देणगीदार मिळतात, तिच्या वहीसाठी मिळत नाहीत.