पाचवं शील आणि आखडलेली बोटं

फ्रीमाँटला मुलीकडे राहते. आमवाताने सकाळी बोटं अशी आखडतात की कुकरचं झाकणही लावता येत नाही. कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये औषधी गांजाला वाट दिली, त्या कायद्यातल्या आजारांत संधिवात नावानिशी आहे. अमेरिकेच्या केंद्राचा कायदा आड येतो, म्हणून डॉक्टर औषधाच्या चिठ्ठीऐवजी शिफारसपत्र देतात. मुलगी म्हणते, "आई, तू बसतेस त्यात. घे ना!"

कायद्यात बसते, पण शीलात? मी रोज पंचशील म्हणते. नागपूरला आमच्या वस्तीत दारूपायी बसलेली घरं पाहिलीत. नशेपासून दूर राहण्याचं पाचवं शील माझ्यासाठी नुसतं पाठांतर नाही.

विनयपिटकातल्या महावग्गात पिलिंदवच्छ भिक्खूंना वाताचा विकार होतो. वैद्य मद्य घालून कढवलेलं तेल सुचवतात, बुद्ध परवानगी देतात. पुढे काही भिक्खू मद्य जास्त घालून पितात आणि झिंगतात. तेव्हा मर्यादा ठरते: मद्याचा रंग, वास, चव कळणार नाही इतकंच घालावं. जास्त पडलेलं तेल अंगाला चोळावं.

अडीच हजार वर्षांची ही परंपरा मात्रेचा इतका बारीक विचार करते, याचा मला आधार वाटतो. शीलाचा रोख बेसावधपणावर आहे. पण ठणका लागला की मी नातवावर खेकसते, तेव्हा तरी कुठे सावध असते? म्हणून आधी गांजाचं मलम. त्याने नाहीच भागलं, तर डॉक्टरांना विचारून, झिंग चढणार नाही एवढंच पोटात. आणि चढलीच, तर ते औषध माझ्यापुरतं बंद.