बॅटमॅन जोकरला का मारत नाही?

जोकर पकडला जातो, अर्कमच्या वेड्यांच्या इस्पितळात जातो, तिथून पळतो, पुन्हा माणसं मारतो. बॅटमॅन त्याला पुन्हा पकडतो. कधीतरी आपण वैतागून म्हणतोच, अरे बाबा, संपव ना एकदाचा!

गंमत म्हणजे 'मारायचं नाही' हा नियम बॅटमॅनसोबत जन्माला आला नव्हता. १९३९ साली बॉब केन आणि बिल फिंगर यांनी त्याला आणलं, तेव्हा सुरुवातीच्या गोष्टींत त्याच्या हातून गुन्हेगार मरायचे. १९४० च्या 'बॅटमॅन'च्या पहिल्या अंकात तर तो विमानातून मशीनगन चालवतो. त्यानंतर संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी हे बंद करायला लावलं. नियम बाहेरून आला; त्यामागचं मन नंतरच्या लेखकांनी शोधलं.

त्या मनाची खरी परीक्षा जेसन टॉडच्या गोष्टीत आहे. १९८८ साली या दुसऱ्या रॉबिनला जगवायचं की मारायचं, हे वाचकांनी फोनवरून ठरवलं. मारा म्हणणारे ५,३४३, जगवा म्हणणारे ५,२७१. जोकरने त्याला मारलं. पुढे लेखक जड विनिक यांच्या कथेत जेसन परत येतो आणि विचारतो, मला मारणारा अजून जिवंत कसा? बॅटमॅनच्या उत्तराचा आशय असा: मारणं अवघड म्हणून मी थांबलेलो नाही. ते फार सोपं आहे. एकदा तिकडे गेलो तर परत येणार नाही.

म्हणजे ही दया नाही, स्वतःची भीती आहे. लहानपणी गल्लीत आईबापांना गोळ्या लागताना त्याने पाहिलं. समोरच्याने जगायचं की नाही, हे कुणा एकाने क्षणात ठरवलं, की काय होतं ते त्याला ठाऊक आहे. आणि तो राग आपल्यातही आहे, हेही.

यावर आक्षेप तगडा आहे. स्वतःचे हात स्वच्छ ठेवायला तू इतरांचे जीव पणाला लावतोस, मग हा स्वार्थच नाही का? ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी या आरोपावर गंभीरपणे लिहिलंय: माणसाला समोरच्याच्या भल्यापेक्षा स्वतःचं चांगुलपण जपण्यात जास्त रस असणं.

तरीही मी बॅटमॅनच्या बाजूने आहे. आमच्या कामात कितीही सीनियर माणूस असला, तरी त्याचा कोड दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये असा नियम असतो. तो मूर्ख आहे म्हणून नव्हे. रात्री दोनला, दमलेला असताना, त्याला स्वतःबद्दल सगळ्यात जास्त खात्री वाटते म्हणून. शांत डोक्याने केलेला नियम चिडलेल्या डोक्यासाठी असतो. बॅटमॅनला तर तपासणारा कुणीच नाही. त्याच्यावर कोर्ट नाही, मतदार नाही, साहेब नाही. तोंडावर मुखवटा आहे. अशा माणसाकडे स्वतःवरचा अविश्वास एवढाच ब्रेक उरतो.

आपल्याकडे म्हणतातच, म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. जोकर मेल्याचं दुःख कुणाला होणार? पण जोकरनंतर दुसरा कोण, हे ठरवणारा हात तोच असेल, आणि दुसऱ्या वेळी तो कमी थरथरेल.

मला खटकतं ते वेगळंच. हा प्रश्न आपण बॅटमॅनलाच का विचारतो? गॉथमच्या न्यायाधीशांना, अर्कमच्या कुलपांना का नाही? कोर्टाने शिक्षा दिली तर त्यावर सही असते, अपील असतं, चूक झाली तर जबाबदारी असते. आपल्याला ते लचांड नको असतं. कुणीतरी अंधारात काम उरकावं आणि सकाळी आपण मोकळं व्हावं, एवढंच हवं असतं. आरोपीला पळताना गोळी घातल्याची बातमी येते, तेव्हा फॅमिली ग्रुपवर पेढ्यांचे इमोजी येतात, ते यातूनच.

याने जोकरने मारलेली माणसं परत येत नाहीत. नियमाची किंमत त्यांनी मोजली आहे, बॅटमॅनने नाही. जेसनच्या प्रश्नाला त्याच्याकडे पुरेसं उत्तर नाही, आणि ते असल्याचा आव तो आणत नाही. उत्तर नसतानाही तो ट्रिगर ओढत नाही, यासाठी मला तो आवडतो.