पोच

गेली सहा वर्षं माझी ईमेल माझ्याच सर्व्हरवरून जातात आणि त्यावरच येतात. घरातली आणखी चार माणसंही त्यावर आहेत: आई, भाऊ, मिरजेचे मामा आणि मामी. हे ऐकल्यावर लोक साधारण एकच प्रश्न विचारतात: फुकट मिळत असताना हा उपद्व्याप कशाला? 'स्वातंत्र्य' हे उत्तर सोपं आहे, लोकांना पटतंही. पण ते पुरेसं नाही. स्वतःचा मेल सर्व्हर चालवताना स्वातंत्र्यापेक्षा वेगळ्याच एका गोष्टीचा धडा रोज मिळतो, आणि तिच्यासाठी मराठीत नेमका शब्द आहे: पोच.

पत्र मिळाल्याचं कळवणं म्हणजे पोच देणं. आणि कुठे कसं वागावं हे ज्याला समजत नाही, त्याला आपण 'पोच नाही' म्हणतो. मला हे दोन अर्थ शेजारी ठेवून एक प्रश्न विचारायचा आहे. अनोळखी माणसावर विश्वास ठेवायचा की नाही, हे ठरवायचा हक्क प्रत्येकाला आहे. पण विश्वास ठेवायचा नाही असं ठरवल्यावर, ते त्या माणसाला सांगण्याचं बंधन आपल्यावर असतं का?

आधी थोडं यंत्राबद्दल, कारण प्रश्न तिथूनच निघतो.

सुरुवात नावापासून होते. डोमेन 'विकत घेतलं' असं आपण म्हणतो, पण ते भाड्यानंच मिळतं. डॉट कॉमसारखं नाव एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी घेता येतं; मुदत संपली आणि पैसे भरले नाहीत, की ते दुसऱ्याचं होऊ शकतं. नाव मिळालं की त्याच्या डीएनएसमध्ये, म्हणजे जगाला वाचता येणाऱ्या नोंदवहीत, काही नोंदी करायच्या. एमएक्स ही नोंद सांगते की माझ्या नावानं आलेली पत्रं अमुक मशीनवर टाका. एसपीएफ सांगते की माझ्या नावाची पत्रं फक्त या मशीनवरून निघतात, इतरांवर विश्वास ठेवू नका. डीकेआयएम म्हणजे मोहोर: शिक्का माझ्याजवळ कुलपात, आणि तो तपासण्यासाठी लागणारी किल्ली नोंदवहीत सर्वांसाठी टांगलेली. डीमार्क सांगते की या तपासण्यांत नापास झालेलं माझ्या नावाचं पत्र आलं तर त्याचं काय करावं, आणि मला अहवाल कुठे पाठवावा.

या चार नोंदी मी स्वतः करते. पाचवी मला करता येत नाही. माझ्या सर्व्हरचा जो आयपी क्रमांक आहे, त्यावरून उलटं नाव शोधलं तर माझंच डोमेन निघायला हवं. ही पीटीआर नोंद ज्याच्या मालकीचा तो क्रमांक, त्याच्याच हातात असते. मी महिन्याच्या भाड्यानं सर्व्हर घेतला आहे, म्हणून त्या कंपनीला सांगून ती करून घ्यावी लागली. घरच्या ब्रॉडबँडवर ते बहुधा जमत नाही. तिथे क्रमांक बदलत राहतो आणि मेलसाठी लागणारं २५ नंबरचं पोर्ट पुष्कळदा बंदच असतं. थोडक्यात, मी कोण आहे हे मी कितीही सांगितलं तरी शेवटी दुसऱ्या कुणीतरी दुजोरा द्यावा लागतो. यात अन्याय काही नाही. जगात ओळख अशीच पटवली जाते.

हे सगळं चोख केल्यावर काय सिद्ध होतं? एवढंच, की पत्र ज्याच्या नावानं आलं, त्याच्याकडूनच आलं. माणूस भला आहे की नाही, हे सिद्ध होत नाही. लबाड माणूसही डोमेन घेऊ शकतो, पाचही नोंदी नीट करू शकतो. म्हणून पत्र घेणारे सर्व्हर ओळखीपलीकडे जाऊन चारित्र्य तपासतात. आणि चारित्र्य पाहायचं तर इतिहास पाहावा लागतो. इथे नव्या आणि लहान माणसाची अडचण सुरू होते. त्याला इतिहासच नसतो. किंवा असतो तो दुसऱ्याचा. माझ्या क्रमांकावर माझ्याआधी कुणी राहून गेलं असेल, त्यानं काही उद्योग केले असतील, शेजारच्या क्रमांकांवर आजही चालू असतील. नव्या भाडेकरूच्या दारावर जुन्या भाडेकरूचे देणेकरी थाप मारतात, तसं ते आहे.

हे असं नेहमी नव्हतं. ईमेल वाहून नेणारे एसएमटीपीचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहिले. त्या नियमांत येणारा सर्व्हर दारात उभा राहून आपलं नाव सांगतो, आणि ते खरं मानलं जातं. आपण देताना काटेकोर असावं आणि दुसऱ्याकडून घेताना उदार असावं, हे तत्त्वही पोस्टेल यांचंच. नेटवर्क तेव्हा लहान होतं. कुणाचंही पत्र कुणीही पुढे पोचवून देई. वाटेवरच्या गावानं टपाल पुढच्या गावाला द्यावं तसं. आगंतुक जाहिरातीचं पहिलं पत्र १९७८ मध्येच सुमारे चारशे लोकांना गेलं होतं. पण नव्वदच्या दशकात त्याचा धंदा झाला आणि हे उदार सर्व्हर चोरांची वाहनं बनले. दारं बंद झाली, काळ्या याद्या आल्या. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क हे त्यानंतरचे. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहू यांनी पत्र पाठवणाऱ्यांसाठी अशा तपासण्या सक्तीच्या केल्या. मला त्याबद्दल तक्रार नाही. सरसकट विश्वास हा लहान गावाचा सद्गुण असतो. मोठ्या शहरात तो शेजाऱ्याला धोक्यात घालतो.

पण त्या जुन्या नियमांत आणखी एक गोष्ट होती, आणि ती आजही कागदावर कायम आहे. पत्राचा मजकूर पूर्ण मिळाला की घेणारा सर्व्हर एक आकडा उच्चारतो: २५०. म्हणजे घेतलं. १९८९ च्या एका दस्तऐवजात याचा अर्थ स्पष्ट लिहिला आहे. २५० म्हणणं म्हणजे ते पत्र पोचवण्याची जबाबदारी घेणं. ती गांभीर्यानं घ्यायची, मशीन नंतर बंद पडलं अशा क्षुल्लक कारणांसाठी पत्र हरवायचं नाही. पत्र नको असेल तर त्याला वेगळे आकडे आहेत: ४ नं सुरू होणारे म्हणजे 'आत्ता नको, पुन्हा या', ५ नं सुरू होणारे म्हणजे 'नको'. नकाराबरोबर कारणाची एक ओळ देता येते. पाठवणारा सर्व्हर ते आपल्या माणसाला कळवतो, आणि माणूस फोन करतो, दुसऱ्या वाटेनं जातो.

स्वीकार, थांबा, नकार. तिन्ही उत्तरं सन्मानाची आहेत. चौथं मात्र नियमांत उत्तर म्हणून नाही आणि तेच आज सर्रास दिलं जातं: २५० म्हणायचं, आणि पत्र अशा ठिकाणी ठेवायचं जिथे कुणी पाहणार नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या कॉलेजातले एक सर गेले. त्यांच्या मुलीला मी पत्र लिहिलं. दोन संध्याकाळी बसून लिहिलं होतं. सरांनी एकदा परीक्षेच्या आदल्या रात्री माझ्यासाठी काय केलं, हे त्यांच्या घरी कुणालाच माहीत नव्हतं, ते त्यात होतं. तिचं खातं एका मोठ्या मेलसेवेवर. माझ्या सर्व्हरच्या नोंदीत त्या रात्रीची ओळ आहे: समोरून २५० आलं. सात महिन्यांनी एका लग्नात ती भेटली आणि तुटक बोलली. खोदून विचारल्यावर म्हणाली, "बाबांच्या सगळ्या विद्यार्थ्यांनी लिहिलं गं. तुझंच काही आलं नाही." आम्ही तिथेच तिला एक चाचणीपत्र पाठवून पाहिलं. ते स्पॅमच्या खणात पडलं. त्या खणातली पत्रं तीस दिवसांनी आपोआप पुसली जातात. माझी प्रत माझ्याकडे होती म्हणून तिला पुन्हा पाठवता आली. पण सांत्वनाचं पत्र सात महिन्यांनी पोचलं तर ते सांत्वन राहत नाही, खुलासा होतो.

मला यात खटकतं ते हे: अविश्वास दाखवला यंत्रानं, आणि त्याची किंमत पडली दोन माणसांच्या नात्यावर. माझं पत्र दारातच नाकारलं असतं, तर मला दहा मिनिटांत कळलं असतं आणि मी फोन उचलला असता. पण आत घेऊन गप्प बसल्यामुळे तिनं त्या शांततेचा अर्थ माणसासारखा लावला. हिला काही वाटलं नाही, असा. शांततेचा अर्थ लोक नेहमी माणसांवरच लावतात. यंत्रावर लावायचं कुणाला सुचत नाही.

मुंबई-पुण्यात भाड्यानं घर शोधलेल्या अनेकांना असा अनुभव दुसऱ्या रूपात असेल. फोनवर सगळं ठरतं, आडनाव सांगितलं जातं, आणि संध्याकाळी एजंटचा निरोप येतो: जागा गेली. जागा गेलेली नसते. तिथे जे हिरावलं जातं ते माझ्या पत्रापेक्षा फार मोठं आहे. दोन्ही एका मापानं मोजणं बरोबर नाही. पण युक्ती तीच. खरं कारण सांगितलं तर त्याला विरोध करता येतो, ते चूक असेल तर दाखवून देता येतं, निदान कुणी काय केलं याची साक्ष राहते. 'जागा गेली' म्हटलं की समोरच्याच्या हातात काहीच उरत नाही. नकारापेक्षा हे वाईट, कारण यात नकारही लपवला जातो.

याची दुसरी बाजू आहे आणि ती कमजोर नाही. मोठ्या सेवेला अफाट संख्येनं पत्रं येतात. प्रत्येकाला कारण सांगत बसलं तर चोर ती कारणं वाचून शहाणे होतील. शिवाय पत्र आधी घेऊन मग परत पाठवलं, तर ते खऱ्या चोराकडे जात नाही. चोरानं ज्याचं नाव वापरलं त्या निरपराध माणसाकडे जातं. म्हणून पत्र उघडउघड फसवणुकीचं असल्याची जवळजवळ खात्री असेल तेव्हा ते गुपचूप टाकून द्यायला आजचे नियमही मुभा देतात. हे मला मान्य आहे. पण हा युक्तिवाद खात्रीपुरता आहे, संशयापुरता नाही. आणि चोराचं म्हणाल, तर धंदेवाईक चोर त्या सेवेवर स्वतःची दहा खाती उघडून आपलं पत्र कुठल्या खणात पडतं ते रोज पाहतो. शांततेनं तो आंधळा होत नाही. आंधळा होतो तो, जो एकच पत्र लिहितो आणि ते पोचलं असं समजतो.

हा प्रश्न मला दूर उभं राहून विचारता येत नाही, कारण चार माणसांसाठी मीसुद्धा दारवानच आहे. काळ्या यादीतल्या मशीनवरून आलेलं पत्र माझा सर्व्हर दारातच नाकारतो, कारणासह. गेल्या वर्षी मामांच्या सोसायटीची सभेची नोटीस अशी परत गेली. सोसायटीनं घेतलेली स्वस्तातली मेलसेवा यादीत होती. सेक्रेटरींनी मामांना गाठलं, "तुमच्या भाचीच्या मशीननं आमची नोटीस परत केली." मामांनी मला फोन करून झापलं. मी त्या पत्त्याला वाट मोकळी करून दिली, नोटीस पुन्हा आली, मामा सभेला गेले. भांडण झालं, पण त्याच दिवशी मिटलं. नकार उघड असला की त्याच्याशी भांडता येतं, आणि भांडता येणं ही मोठी सोय आहे.

त्याच फोनवर मामांनी विचारलं, "म्हणजे माझी पत्रं तुला वाचता येतात का?" मी म्हटलं, "वाचता येतात, मामा. वाचत नाही." क्षणभर थांबून ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंस." आता त्यांचं बँकेचं टपाल दुसऱ्या खात्यावर जातं. ते त्यांनी ठरवलं, आणि माहीत असल्यामुळे ठरवता आलं.

म्हणून माझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: विश्वास कुणीही कुणाचा देणं लागत नाही. ज्यानं पत्र हातात घेतलं, तो मात्र उत्तर देणं लागतो. हे बंधन लहानांवर आहे आणि मोठ्यांवर त्याहून जास्त आहे, कारण मोठ्यांच्या मौनाला वाट पुसायला दुसरं दार नसतं. नियमांनी प्रत्येक डोमेनला एक पत्ता सक्तीचा केला आहे: पोस्टमास्टर. तक्रार घेऊन येणाऱ्याचं पत्र त्यावर स्वीकारलं गेलंच पाहिजे. माझ्या पोस्टमास्टरच्या पेटीत बहुतेक कचराच येतो. मी ती रोज उघडते आणि शेवटपर्यंत चाळते, कारण त्यात एखादं पत्र असं असू शकतं, जे लिहिणाऱ्याला वाटतंय की ते पोचलं.