व्रत आणि आत्मपरीक्षण

गडावर देवदर्शनास येणारे कित्येक भाविक निर्जळी उपवास करून पायऱ्या चढतात. मधुमेहाचा विकार असणारेही काही जण आहार व औषध टाळतात आणि वाटेतच त्यांना भोवळ येते. अशा वेळी व्रत सोडणे हा देवाचा अपराध ठरतो काय?

श्रीमद्भगवद्गीतेच्या ६ व्या अध्यायात (श्लोक १६ व १७) भगवंतांनी अतिआहार व निराहार हे दोन्ही योगास बाधक मानले असून आहार, विहार, निद्रा व जागरण यांत प्रमाण राखण्यास सांगितले आहे. देहाची हेळसांड म्हणजे वैराग्य नव्हे. व्रत भक्तीपोटी चालले आहे की ‘मी करून दाखवीन’ या अहंकारापोटी, हे साधकाने स्वतःच्या अंतःकरणास विचारावे. वेळेवर औषध घेणे, थकल्यावर सावलीत बसणे यांत कमीपणा नाही. ज्यास आपली मर्यादा उमगली, त्याचा नमस्कार अधिक नम्र होतो.