हात बदलताना

वाशीच्या रस्त्यावर लग्नसराईत वरात निघाली की बेंजो वाजतो. डावा हात कळा दाबतो, उजवा तारा छेडतो आणि आवाज भोंग्यातून निघतो. हे वाद्य मूळचं जपानचं. १९१२ साली नागोयात गोरो मोरिता यांनी तायशोगोतो घडवलं, ते आपल्याकडे बुलबुलतरंग झालं, पुढे वीज लागली आणि बेंजो म्हणून वरातीत आलं.

असा बेंजो वाजवणारी काही पोरं आता इलेक्ट्रिक गिटारकडे वळतात. एक गिटार हाताला बसली की दुसरी परकी वाटते. मला मात्र वाटतं, त्या परकेपणातच खरं शिकणं असतं. फेंडर कंपनीची १९५४ ची स्ट्रॅटोकास्टर घ्या. तिची वाजणारी तार २५.५ इंचांची, आवाज लखलखीत. गिब्सनची १९५२ ची लेस पॉल जाडजूड, तार सुमारे २४.७५ इंचांची. पाऊण इंचाचाच फरक, पण त्याच सुराला लावलेली लेस पॉलची तार थोडी सैल राहते. मग बोटानं ती ओढून मींड घेणं सोपं जातं. बेंजोवर कळ दाबली की सूर ठरला. गिटारवर तो बोटाखाली हलतो.

म्हणून मित्राची गिटार आज मागून घ्या. अ‍ॅम्प्लिफायर आपलाच ठेवा, गाणंही रोजचंच. फक्त सावकाश वाजवा आणि जिथे बोट अडखळतं तिकडे कान द्या.