आडव्या बाटलीचा पेच

महाराष्ट्रात दारूबंदी आहे. हे वाक्य पुणे जिल्ह्यातल्या भोरच्या बाजारपेठेत मोठ्याने म्हटले तर लोक हसतील, पण कायद्याच्या पुस्तकात ते अक्षरशः खरे आहे. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने लागू आहे. त्याने दारू गाळणे, विकणे, बाळगणे आणि पिणे हे सारे आधी निषिद्ध ठरवले आणि मग परवान्याच्या खिडक्या ठेवल्या. पिणाऱ्यालाही परवाना लागतो. एका दिवसाचा परवाना देशीसाठी 2 रुपयांना आणि विदेशीसाठी 5 रुपयांना मिळतो, आणि तो खिशात ठेवून पिणारा माणूस शोधावाच लागेल. भोर संस्थान 1948 मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले, म्हणजे तिथले संस्थानिक पंतसचिव यांच्या मुलखात लोकशाही आणि दारूबंदी साधारण एकाच सुमारास आल्या. 1950 मध्ये बंदी कडक झाली, 1963 नंतर सैल पडू लागली आणि 70 च्या दशकात देशी दारूची दुकाने सरकारी परवान्याने उघडली.

बंदी असावी की नसावी हा प्रश्न त्यामुळे कागदावर केव्हाच निकालात निघाला आहे. कोणती दारू, कोणाच्या हुकमाने आणि कोणाच्या दारातली बंद करायची, हा प्रश्न मात्र शिल्लक आहे. त्याच्या दोन बाजू दोन कल्पित व्यक्तींच्या तोंडी घालता येतात: वेल्ह्याकडच्या एका गावातील बचत गटाच्या अध्यक्षा आणि भोरचे एक निवृत्त शिक्षक.

शिक्षक तत्त्वापासून सुरू करतात. “ताई, सज्ञान माणसाने काय खावे-प्यावे हे सरकारने ठरवू नये. आगरकरांना प्रिय असलेल्या जॉन स्टुअर्ट मिल या तत्त्वज्ञाने 1859 मध्येच हे मांडले. त्याने स्वतःचे नुकसान केले तर आपण समजवावे, बेड्या घालू नयेत.”

“गुरुजी, त्याचं स्वतःचं म्हणजे कुठवर?” ताई विचारतात. “भाताच्या लावणीची मजुरी त्याची आणि बायकोची मिळून येते. शनिवारी ती मजुरी गुत्त्यावर जाते. मग पोराची फी कोणी भरायची? मार कोणी खायचा?”

या उत्तराने शिक्षकांचे तत्त्व मोडत नाही, पण त्याची हद्द लहान होते. दुसऱ्याला इजा होते तिथे राज्याने मध्ये पडावे, हे मिललाही मान्यच होते. शिक्षक म्हणतात, मग मारणाऱ्याला शिक्षा करा, पिणाऱ्याला कशाला? ताईंचा प्रतिप्रश्न साधा आहे: मार पडल्यावर चौकीत जायचे, तर रात्री वेल्ह्याला यायला गाडी कोणती? शिक्षेचा मार्ग दुर्गम खोऱ्यात उशिरा पोहोचतो, दुकान मात्र दारात असते. बंदीच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा हाच आहे. संविधानाचे कलम 47 वगैरे त्यानंतर येते. त्या कलमाने राज्याला दारूबंदीसाठी प्रयत्न करायला सांगितले आहे. हे मार्गदर्शक तत्त्व आहे, त्यावरून कोर्टात दाद मागता येत नाही. बालसारा खटल्यात 1951 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईचा कायदा बहुतांशी उचलून धरला, औषधी व प्रसाधनाच्या मद्यार्कयुक्त वस्तूंवरची बंदी मात्र काढली.

ताईंच्या हातातले खरे साधन कोर्टाचे नाही, मतपत्रिकेचे आहे. 2008 च्या शासन आदेशानुसार गावातील 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली की सह्यांची पडताळणी होते आणि गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहावे, आडवी म्हणजे बंद व्हावे. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही हे चित्र समजते, आणि सरकारी कागदावर अशी सोय क्वचितच दिसते. मेख पुढे आहे. यादीतील एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. झालेल्या मतदानाच्या निम्मी पुरत नाहीत. जी मुंबईला माथाडी नवऱ्याकडे गेली आहे, जी आजारी आहे, जिला घरातून बाहेर पडू दिले नाही, त्या सगळ्यांची मते हिशेबात उभ्या बाटलीच्या बाजूने जमा होतात. आमदाराच्या निवडणुकीला ही अट लावली तर कितीजण निवडून येतील, हे ज्याने त्याने ताडावे.

शिक्षकांना ही अट योग्य वाटते. “परवाना घेऊन, कर भरून धंदा करणाऱ्याचे दुकान काढायचे, तर गावाचा कौल पक्का हवा. आणि बंद कोणते होते? ज्याच्या बाटलीवर शिक्का आहे ते. हातभट्टीसाठी कोण मतदान घेणार?”

या पेचाचा गाभा इथे आहे. परवान्याचे दुकान कायदेशीर, म्हणून ते मताने बंद होते. हातभट्टी मुळातच बेकायदा, म्हणून तिच्यावर मत घेण्याची सोयच नाही. ओढ्याच्या कडेला पाण्याची सोय बघून पिंपात काळा गूळ आणि नवसागर टाकून सडवा घालतात. पोलिसांच्या भाषेत ते ‘कच्चे रसायन’. छाप्यात ते तिथेच ओतून नष्ट करतात, तयार दारूचा नमुना घेतात आणि कलम 65 खाली गुन्हा लिहितात. पिंप आणि गूळ पुन्हा आणायला फार भांडवल लागत नाही. यातही गुळाची दारू त्यातल्या त्यात बरी म्हणावी. धंदा घाईचा झाला की मिथेनॉल मिसळले जाते; मुंबईतल्या विक्रोळीत 2004 च्या अखेरीस आणि मालवणीत जून 2015 मध्ये तेच झाले. मालवणीत शंभरावर माणसे गेली. मुंबईत त्या वेळी परवान्याची दुकाने उघडी होती, हे मात्र बंदीच्या विरोधकांनी विसरू नये. विषारी दारू बंदीपेक्षाही गरिबीच्या मागे अधिक जाते.

भूगोलही बंदीला अनुकूल नाही. भोर तालुक्यातल्या सारोळ्याहून नीरा ओलांडली की शिरवळ, म्हणजे सातारा जिल्हा. वरंधा घाट उतरला की महाड. वेल्ह्याला पानशेत-खडकवासल्याचा रस्ता थेट पुण्यातून येतो आणि शनिवार-रविवारी राजगड-तोरण्याच्या पायथ्याशी शहरातल्या बाटल्या डिकीतून येतात. सर्वोच्च न्यायालयाने महामार्गालगत 500 मीटरच्या आत दारूविक्री नको असे ठरवले आणि तो निर्णय एप्रिल 2017 पासून अमलात आला. 20 हजारांहून कमी वस्तीच्या गावांना अंतर 220 मीटर करून मिळाले. नसरापूर, किकवीसारख्या रस्त्याकाठच्या गावांपुढे तेव्हा पट्टी घेऊन अंतर मोजण्याचा प्रश्न आला.

“मग जिल्ह्याचीच बंदी करा,” ताई म्हणतात. “गडचिरोलीत 1993 पासून आहे ना?”

“चंद्रपुरातही 2015 मध्ये केली होती,” शिक्षक सांगतात. “2021 मध्ये उठवली. चोरटी दारू वाढली, असे कारण दिले. आणि सरकारची तिजोरी? उत्पादन शुल्कातून वर्षाला 20 हजार कोटींहून अधिक येतात.”

“ते कोटी आमच्याच गावातून जातात, गुरुजी.”

इथे शिक्षक थोडे मागे सरतात, आणि ते रास्त आहे. कायदा मोडला जातो म्हणून तो करू नये, हा युक्तिवाद हुंड्याला किंवा बालविवाहाला कोणी लावत नाही. महसुलाचा युक्तिवाद तर त्याहून लंगडा. त्यांचा टिकाऊ मुद्दा एकच उरतो: बंदी राबवणारे हात गावाचे नसतात. मतदान गाव करते, छापा मात्र पोलिस किंवा राज्य उत्पादन शुल्क विभाग घालतो.

हे अंतर भरून काढायला 2016 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून ग्रामरक्षक दलाची तरतूद आली. गावातल्याच लोकांनी अवैध दारूची माहिती द्यायची आणि यंत्रणेने कारवाई करायची. शिक्षकांना यात तोडगा दिसतो: दुकान राहू द्या, दल बसवा, भट्टी मोडा. ताईंना दोन्ही हवे आहे, कारण जवळचे दुकान बंद झाले तर रोज पिणारा चार मैल चालत नाही, निदान रोज तरी नाही. आणि नवशिका पोरगा तर मुळीच नाही. अंतर हेच बंदीचे खरे औषध, असे त्यांचे म्हणणे आहे आणि ते पटण्यासारखे आहे. दलाबद्दल मात्र त्यांना शंका आहे.

“छापा पडला की पंचनामा होतो. पंच गावातलाच लागतो. भट्टीवाला भावकीतला. खटला दोन-चार वर्षांनी उभा राहतो, आणि तोवर पंचाच्या पोरीचं लग्न त्याच भावकीनं लावून दिलेलं असतं. मग तो कोर्टात काय सांगणार? सही माझी आहे, बाकी काही बघितलं नाही.”

“मग पंच बाहेरगावचा घ्यावा.”

“घ्या की. तुम्ही याल?”

शिक्षक भोरचे. ते येईन म्हणतात, पण कोर्टाच्या तारखा किती पडतील, हे आधी विचारून घेतात.