पेटी कोणाची, किल्ली कोणाची?

दस्तऐवज कोणाचा म्हणावयाचा? ज्याच्या पेटीत तो आहे त्याचा, की ज्याला तो वाचता येतो त्याचा? मोडीतील खरेदीखत घरी असूनही ते वाचणाऱ्याच्या शोधात फिरणारे पक्षकार आम्हां वकिलांना अपरिचित नाहीत. दोष मोडीचा नव्हे. भरभर लिहिण्यास ती सोयीचीच होती. परंतु तिची किल्ली कागदात नव्हती, वाचणाऱ्याच्या अभ्यासात होती. अभ्यास सरला आणि कागद मुका झाला.

संगणकावरील माहितीच्या देवघेवीत हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. साध्या अक्षरांत लिहिलेली फाइल कोणासही वाचता येते. पण ती फुगते. १२३४५६७८ ही संख्या अक्षरांत ८ बाइट व्यापते, ती बायनरी रीतीने ४ बाइटांत मावते. शिवाय जेसनसारख्या अक्षरी रीतीत प्रत्येक नोंदीपाशी रकान्यांची तीच नावे बहुधा पुन्हा लिहावी लागतात. लक्षावधी नोंदी असतील तेथे काटकसर हा सद्‌गुणच होय, हे आम्ही निःशंकपणे मान्य करतो.

मात्र काटकसरीच्या नावाखाली काय गाळावे, हा नीतीचा प्रश्न आहे. प्रोटोकॉल बफर्स या रीतीत मजकुराबरोबर रकान्यांचे केवळ क्रमांक जातात. नावे निराळ्या फायलीत राहतात. दोन पक्षांत तसा करार असेल तर त्यात गैर काही नाही. पण करार पक्षकारांना बांधतो; उद्या ती फाइल ज्याच्या हाती पडेल, त्याने अर्थ कोणास विचारावा?

याचे उत्तर रचनाकारांनीच देऊन ठेविले आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पार्के या रीतीत एकेका रकान्याची मूल्ये जवळजवळ रचतात आणि फायलीच्या अखेरीस प्रत्येक रकान्याचे नाव, प्रकार व ठिकाण नोंदवितात. विचारणारा प्रथम ही अनुक्रमणिका वाचतो आणि हवा तेवढाच रकाना उघडतो. २००० साली निघालेल्या एसक्यूलाइटमध्ये तक्त्याची व्याख्या त्याच फायलीत साध्या शब्दांत असते, आणि फायलीच्या मांडणीचे नियमही सर्वांस खुले आहेत.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. ही किल्ली नोंदीगणिक नव्हे, तर मोजक्याच ठिकाणी लिहावी लागते. मोठ्या फायलीत तिचा भार नगण्य. तेव्हा जागेची सबब टिकत नाही. एवढे असूनही जो किल्ली स्वतःपाशी ठेवतो, तो जागा वाचवीत नसून दुसऱ्यास आपला मिंधा करीत असतो, असे आमचे मत आहे.

देवस्थानच्या हिशेबाची वही कारभाऱ्याच्या कपाटात असते, म्हणून ती त्याची होत नाही. महाजनांस ती उघडून वाचता आली पाहिजे. वह्यांच्या जागी फायली आल्या म्हणून हा अधिकार संपत नाही. हिशेब संगणकावर नेताना विकणाऱ्यास आम्ही एवढेच विचारू: तुम्ही उद्या नसाल, तेव्हा ही फाइल आम्हांस वाचता येईल काय?